आक्काच्या बिनधान्याच्या वड्या

आक्का, तीळ धान्यात येत नाहीत. हे तुला किती वेळा सांगितलं आणि आता तू गेलीस तरी सांगतोय. तीळ गळिताचे. घाण्यात घालून ज्याचं तेल काढतात ते धान्य कसं होईल? यावरचं तुझं उत्तर मला पाठ आहे. "जे पायलीनं मोजतेत ते धान्य." शेंगदाणेसुद्धा पायलीनं मोजतात की, असं म्हटलं तर तू म्हणायचीस, "शेंगा पोत्यानं मोजतेत. दाणे तुमी फोडल्यावर झाले." असल्या वकिलीपुढं माणसानं काय बोलावं? मी वड्यांसाठीचे तीळ बाजूला काढायचो आणि पुढच्या खेपेला चिमूटभर टाकून बघायचो. तू पहिल्या घासालाच ओळखायचीस. हा वाद मिटायच्या आतच तू गेलीस, आणि भांडण अर्धं टाकून जायची तुझी ही तऱ्हा मला कधीच पटली नाही.

परवा तुझी तेरवी झाली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. सकाळी सोनपेठच्या दुकानाचं शटर उघडतो, कुणाची तरी जळालेली पाण्याची मोटार खोलतो, जुनी तार उपसून काढतो आणि नवी भरायच्या आधीच उठून बाहेर उन्हात उभा राहतो. गिऱ्हाईक विचारतं, कधी मिळेल? मी सांगतो, बघू. शोभा म्हणते, एकदा पोटभर रडून घ्या, म्हणजे कामात लक्ष लागेल. बायकोला कसं सांगू की रडून झालंय आणि तरीही लागत नाही. म्हणून तुझ्याशीच बोलतोय, फोनवर बोलायचो तसं, तुझं ऐकून न घेता.

सगळं तुला माहीत आहे. तरी क्रमानं आठवू दे, नाहीतर माझं डोकं फिरत राहतं.

दादाच्या विहिरीवरची मोटार जळाली तिथून हे सुरू झालं. मी ती भरून दिली, आठ दिवसांत पुन्हा जळाली. दादानं भर बाजारात, चारचौघांत सांगितलं की दिगूनं सख्ख्या भावाच्या मोटारीत जुनी तार घातली. मी तिथंच त्याला सुनावलं, की विजेचा एक फेज गेलेला असताना मोटार चालवली तर सोन्याची तार घातली तरी जळेल. तो म्हणाला, धंद्यात भाऊ बघत नसतो तू. मी म्हणालो, तुझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावला तर बापाचं नाव लावणार नाही. दोघांचीही जीभ आईवर गेलेली, तू एकटीच बापावर गेलेली. तू बोलायचीस कमी आणि करायचीस जास्त.

त्यानंतर दोन भाऊबिजा तू दोन घरी ओवाळलंस. दुसऱ्या वर्षी दादाकडचं आटोपून माझ्याकडं आलीस, ओवाळलंस, आणि शोभानं ताट वाढलं तेव्हा ते हळूच पुढं सरकवलंस. "तुमी दोघं एका ताटात जेवल्याबिगर मी धान्याला शिवणार न्हाई. तिकडंबी हेच सांगून आले." कोणत्या देवापुढं बोललीस म्हणून विचारलं, तर म्हणालीस, देवाला कशाला मधी घ्यायचं, हे आपल्या घरातलं आहे. मी हसलो होतो. मला वाटलं, संक्रांतीपर्यंत टिकणार नाही. ज्वारीच्या भाकरीशिवाय दिवस न काढलेली बाई, कुठवर ताणणार?

संक्रांत गेली. शिवरात्र गेली. तुझ्या सासरहून, चुडाव्याहून वर्षाचा फोन आला की मामा, आई भगरसुद्धा खात नाही, तिलाबी धान्यच म्हणते. ताक, केळी, रताळी यावर चाललंय आणि कापूस वेचताना मधेच रानाच्या कडेला धुऱ्यावर बसते. तुझी पोरगी फोनवर रडत होती. मी फोन ठेवला आणि दुकानात येरझाऱ्या घालायला लागलो. दादाकडं जाणं मला मंजूर नव्हतं. तुला उपाशी ठेवणंही मंजूर नव्हतं. माझ्यासारख्या मिस्त्रीला सरळ रस्ता बंद दिसला की तो वळसा घालून वायर ओढतो. मीही तेच केलं. ठरवलं, तू धान्य खाऊ नकोस, मी तुला धान्याशिवाय धडधाकट ठेवतो. मग बघू कोण हरतं.

घरात करायची सोय नव्हती. आमच्या स्वयंपाकघरात पोळपाटाला कणीक, मिक्सरला ज्वारीचं पीठ, हवेतसुद्धा पीठ. तुला कण लागला तरी तू ताट सारणार. म्हणून वड्या दुकानात करायच्या ठरल्या, कारण दुकानात तांब्याची तार, वार्निश आणि ग्रीस सोडून काही नव्हतं. शोभा म्हणाली, ग्रीसच्या वड्या करणार का? मी कोपऱ्यातलं एक टेबल घासून पुसून घेतलं, भंगारात आलेल्या एका मिक्सरची मोटार नव्यानं भरली, भांडं नवं आणलं, आणि त्या मिक्सरला दुसऱ्या कुणालाच हात लावू दिला नाही. हा तुझा मिक्सर. अजून टेबलावर आहे. काल मी त्याचं बटण उगाचच दाबलं आणि घाईघाईनं बंद केलं.

पहिली खेप आठवते का तुला? शेंगदाणे भाजायचे होते आणि दुकानात चूल नाही. वार्निश लावलेल्या मोटारी सुकवायला मी बल्बची एक पेटी केलेली आहे. म्हटलं, गरम तर होते, दाणे त्यातच भाजू. डोकं वापरलं असं वाटून मी स्वतःवर खूशही झालो. डबा घेऊन तार आणायच्या निमित्तानं परभणीला गेलो, तिथून रेल्वेनं चुडावा. तू वडी तोंडात घातलीस, चावलीस, आणि पदरानं तोंड पुसत मला विचारलंस, "दिगू, ही वडी खायची का मोटारीला लावायची?" दाजी एवढे गंभीर माणूस, पण त्यांना ठसका लागला.

मग तूच सांगितलंस की भाजू नको, आग नको, ऊन कशाला आहे? आपल्याकडच्या उन्हाला दुसरं काय काम आहे, म्हणालीस. तेव्हापासून दाणे दुकानाच्या पत्र्यावर. वर पांढरं फडकं टाकायचं आणि दिवसभर सोडून द्यायचं. संध्याकाळी दाणा दोन बोटांत चोळला की साल निघून जायचं. खजूरही तिथंच तापवायचा, म्हणजे पाणी न घालता मऊ होतो आणि वडी टिकते. बिया मी स्वतः काढायचो. एकदा एक बी राहिली आणि मिक्सरचं पातं गेलं. खजूर चिकट, पात्याला धरून बसतो आणि मोटार तापते, म्हणून थोडा थोडा घालायचा, थांबायचं, मोटारीला हात लावून बघायचं, मग पुन्हा. दाणे जाडसर, बदाम त्याहून जाड, सुक्या खोबऱ्याचा कीस, थोडी सुंठ, आणि सगळं परातीत हातानं मळायचं, दाण्याला तेल सुटेपर्यंत. तेल सुटलं की गोळा परात सोडतो. मग तूप लावलेल्या ताटात थापून, वर फळी ठेवून, फळीवर पाच एचपीच्या मोटारीची रिकामी बॉडी. रात्रभर त्या वजनाखाली. सकाळी नवी तार ताणून धरायची आणि वड्या कापायच्या. सुरीनं कडा फुटतात, तारेनं कशा गुळगुळीत येतात ते तू वर्षाला कौतुकानं दाखवायचीस. माझ्या मोटारींचं असं कौतुक कुणी केलं नाही.

तू सुधारलीस. म्हणजे बारीकच राहिलीस, पण चेहऱ्यावर तेज आलं, रानात पुन्हा बायकांच्या पुढं चालायला लागलीस. वड्या पदराला बांधून न्यायचीस. मी खूश होतो. तुझी शपथ चालू आणि माझी जिद्दही चालू, कुणाचं काही अडत नव्हतं. चुडाव्याच्या स्टेशनवर तू मला गाडीला बसवायला आलीस, गाडी नेहमीसारखी लेट, बाकावर बसून तू एका वडीचे दोन तुकडे केलेस आणि अर्धा मला दिलास. मग सहज म्हणालीस, "एक दार वलांडायचं जड जायलंय म्हणून एवढं सगळं करायलास व्हय रे?"

मी म्हणालो, "खा गुमान."

तू खाल्लीस. त्यानंतर कधी तो विषय काढला नाहीस. प्रत्येक खेपेला फक्त शेंगदाण्यांची पिशवी माझ्या हातात ठेवायचीस. घरच्या शेंगा आहेत, सोललेल्या आहेत, पुढच्या वड्यांना घे. बारीक, लाल सालाचे, तेलाचे दाणे. परभणीच्या बाजारात तसे मिळत नव्हते. मी शोभाला सांगायचो की आक्काच्या रानातला भुईमूग वेगळाच आहे.

तू गेलीस त्या दिवशी मी दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं, धान्य खात नव्हती त्यानं झालं का? ते म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. बाहेर दादा उभा होता. मी एका खांबाला टेकलो, तो दुसऱ्याला. तुझ्या सरणाजवळसुद्धा आम्ही दोन बाजूंना उभे होतो.

तेरवीच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानासमोर एक मोटारसायकल थांबली. दादा. मागं पिशवी बांधलेली. मी हातातला पाना खाली ठेवला नाही. तो शटरच्या आत आला नाही. बाहेरूनच म्हणाला की वर्षाचा फोन आला होता, दाणे आता तिकडं पाठवू नका, दिगूमामाकडंच द्या, जायचे तिथंच ते. "आक्काच्या वड्यांना लागायचे," म्हणाला. मी म्हणालो, तिच्याकडं घरचे होते. त्यावर तो म्हणाला,

"तिच्या रानात कापूस आन् सोयाबीन. भुईमूग कवा केला तिनं?"

आक्का, मी कधी तुझ्या रानात गेलोच नव्हतो. स्टेशनवरून घरी, घरून स्टेशनवर. गोदाकाठच्या दादाच्या वावरात उन्हाळी भुईमूग असतो हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावरचे दाणे एसटीनं परभणीला, रेल्वेनं चुडाव्याला, तिथून माझ्या पिशवीतून परत सोनपेठला, आणि वड्या होऊन पुन्हा चुडाव्याला. एवढा प्रवास माणसं करत नाहीत. मी दादाला विचारलं, तू कशाला पाठवायचास? तो म्हणाला, उपाशी कशी ठेवणार तिला, माझ्याकडून तेवढंच जमत होतं. मग खाली बघत म्हणाला की ती मला वड्या द्यायची, स्वतः केल्यात म्हणून सांगायची, मी रानात बांधावर बसून खायचो.

"त्या तू करायचास व्हय?"

"व्हय."

"बऱ्या व्हत्या," म्हणाला, पिशवी दारात ठेवली आणि गेला.

मला तुझा इतका राग आला की मी शटर ओढून आत बसलो. तू आम्हाला फसवलंस. दोघांनाही. मी समजत होतो मी तुझ्याशी डाव खेळतोय, आणि तू आम्हा दोघांचे हात एका परातीत घालून वर्षभर शांतपणे खात होतीस. मग राग उतरला आणि भलतंच दिसायला लागलं. तू शपथ घेतलीस ती आम्ही मोडावी म्हणून. आम्ही दोघांनी मिळून तिला खतपाणी घातलं. त्यानं दाणे दिले, मी वड्या केल्या, पण एका ताटाला बसायचं कुणालाच सुचलं नाही. तुला कधी तरी वाटलं असेल ना, की या दोन बैलांना सरळ सांगून टाकावं? सांगितलं का नाहीस? कदाचित तुला आमचं चालू होतं तेवढंही तुटेल अशी भीती असेल. हे मी अंदाजानं बोलतोय. आता विचारायचं कुणाला?

त्या संध्याकाळी मी दादाच्या दाण्यांच्या वड्या केल्या. पत्र्यावर ठेवायला ऊन उरलं नव्हतं, म्हणून साल न काढताच. तीळ घातले नाहीत.

तेरवीला दादा जीपनं आला, मी रेल्वेनं. तुझ्या अंगणात मांडव, आत तुझ्यासाठी ताट मांडलेलं. वर्षा पुरणपोळी वाढायला वाकली आणि मी म्हणालो, थांब, ती धान्य खात नाही. पिशवीतून वड्यांचा डबा काढला. तेवढ्यात दादा मागून बोलला, "मेल्या माणसाला कसली शपथ? सुटली ती. वाढ गं पोळी." मी म्हणालो की तिनं बोललेलं तू कोण मोडणार? तो म्हणाला, जिवंतपणी तर वर्षभर मोडू दिलं नाहीस, आता तरी तिच्या तोंडात सुखाचा घास पडू दे. आमचं सुरू झालं, आक्का. एवढ्या काळात आम्ही चारचौघांत एकमेकांशी बोललो ते तुझ्या ताटावर उभं राहून, आवाज चढवून. तुझ्या सासरची माणसं बघत होती. दाजी भिंतीकडं तोंड करून बसले होते.

वर्षानं पोळी परत परातीत ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तुझ्यासारखीच दिसत होती.

"आईच्या ताटाचं मागून बघू. आधी तुमी दोघं जेवा. एका ताटात."

गुरुजी म्हणाले, नैवेद्याआधी घरात कुणी जेवत नसतं, तसं शास्त्र नाही. एक म्हातारी आत्या पुटपुटली की असं कुठं असतंय. वर्षा म्हणाली, मग माझी आई जेवणार नाही, उपाशीच जाईल. एवढं बोलून तिनं मोकळ्या जागेत एक ताट ठेवलं, त्यात पोळी, भात, वरण, वाटीभर दूध वाढलं आणि बाजूला झाली.  गुरुजींनी दाजींकडं बघितलं. दाजींनी मान हलवली, व्हय म्हणून.

दादा आधी बसला. मी उभाच होतो.  डोक्यात तेव्हाही ती मोटारच होती, लाज वाटते सांगायला.

"तार जुनी नव्हती," मी म्हणालो.

"ठाऊक हाय," दादा म्हणाला. "बस आता."

कधीपासून ठाऊक होतं, ते मी विचारलं नाही. बसलो. त्यानं पोळी मोडून त्यावर दूध घातलं आणि ताट माझ्या बाजूला थोडं सरकवलं, लहानपणी सरकवायचा तसं. मी त्याच पोळीचा घास घेतला.  आम्ही जेवलो, मांडवातल्या माणसांनी आमच्याकडं न बघण्याचा आव आणला होता. ताट पुसून घेतलं दोघांनी.

मग वर्षानं तुझ्या ताटात पोळी वाढली. भात वाढला, वरण, कढी, वर तुपाची धार. मी आमच्या ताटावरून उठलो नाही. आक्का, माणसाचं डोकं किती वेडं असतं बघ, मी तुझ्या ताटाकडं डोळे लावून बसलो की आता तू पहिला घास घेशील. पोळी गार होत चालली. मला तुझा राग यायला लागला. आता काय राहिलं होतं? आम्ही एका ताटात जेवलो होतो.